तटाबाहेरची पहिली वीट

"सर, बाहेरच्या ओळीतली सगळी लाकडी घरं जाळली, तर मग टेनिस क्लबचं लाकडी घर कसं काय उरलं?"

प्रश्न विचारून रूलीन ब्रुगिंक खाली बसली नाही. उभीच राहिली, कारण तिला वाटलं, काय झकास विचारला आपण! आवाज खणखणीत, मान ताठ, एक हात बाकावर अगदी वकिलासारखा टेकलेला. मागच्या वर्षी वर्गात नुसतं 'हजर' म्हणतानासुद्धा जिचे कान लाल व्हायचे ती मुलगी हीच, हे कुणाला सांगून पटलं नसतं. मागच्या बाकावरून टीनीने तिच्या पोटरीला बुटाच्या टोकाने ढोसलं. ती शाबासकी होती. पैज जिंकली होती! पुडी भरून ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या, खारट, जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या, आणि त्याही टीनीच्या खर्चाने.

यातली खरी गंमत म्हणजे समोर फळ्यापाशी उभे असलेले सर हे तिचे बाबा होते. घरी बाबा, वर्गात सर. दाराशी कोट अडकवताना हाक बदलायची आणि संध्याकाळी कोट घालताना परत बदलायची, याची तिला इतकी सवय झाली होती की एकदा जेवताना ती "सर, बटाटे द्या" म्हणाली होती आणि आई हसून हसून खोकली होती.

ब्रुगिंक सरांचा मे महिन्यातला तो तास वाल्डरन या छोट्या डच शहरातल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ होता. आधी खडू न उचलता एका दमात ते फळ्यावर सहा टोकांची चांदणी काढत: हे आपलं शहर. मग चांदणीभोवती निळ्या खडूने खंदक. मग स्पॅनिश आले आणि हात हलवत गेले, मग बिशपचं सैन्य आलं आणि चिखलात रुतलं, मग फ्रेंच आले आणि त्यांना आपण आत घेतलं पण मनापासून नाही. इथे वर्ग हसायचा. मग कायदा. खंदकाच्या पलीकडे, तोफेचा गोळा पोचतो तिथपर्यंत, विटेचं घर बांधायचं नाही. बांधायचं तर लाकडाचं, म्हणजे वेढा पडला की चटकन जाळता येईल आणि शत्रूला आडोसा मिळणार नाही. त्या लाकडी घरांना गाव 'बाहेरची ओळ' म्हणायचं. आणि शेवटी तो प्रसंग, जो सांगताना सरांचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा खाली जायचा: "आणि चाळीस सालच्या मे महिन्यात, जर्मन सरहद्द ओलांडून येत होते तेव्हा, बाहेरच्या ओळीतल्या आपल्या शेजाऱ्यांनी आपली घरं आपल्या हातांनी पेटवली. शहरासाठी. आणि शहराने त्यांना पोटात घेतलं." रविवारी हेच ते तट बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगत आणि बायका पर्समधून रुमाल काढत.

आता टेनिस क्लबचं घर. तेही खंदकापलीकडेच होतं, बाहेरच्या ओळीच्या अगदी समोर, मधे फक्त रस्ता. हिरवं दार, पांढऱ्या कडा, आणि दारावर हातभर मोठे लाकडी आकडे: १९२८. रूलीन तिथे आठवड्यातून दोनदा खेळायची. ते आकडे तिने जन्मभर पाहिले होते, म्हणजे कधीच पाहिले नव्हते. आदल्या दिवशी बुरुजावर पाय सोडून बसल्या असताना फेना म्हणाली होती, "विचार ना उद्या तुझ्या बाबांना. अठ्ठावीस सालचं लाकूड चाळीस साली जळलं का नाही?" टीनी म्हणाली, "तिची हिंमत नाही." झालं! हिंमत नाही म्हटल्यावर रूलीन काय गप्प बसणार होती?

सरांनी चष्मा काढला. परत घातला. वर्ग खुसखुसत होता.

"खाली बस, रूलीन," ते म्हणाले.

"पण सर, उत्तर..."

"खाली बस."

आणि मग त्यांनी डस्टर उचलून चांदणी पुसली. ती चांदणी ते कधीच पुसत नसत. पुढच्या वर्गासाठी राहू द्यायचे, खाली 'पुसू नये' लिहून. त्या दिवशी मात्र खंदकासकट सगळं पुसलं, आणि घंटेला बराच वेळ असताना "पान चौऱ्याऐंशी वाचा" म्हणून खिडकीपाशी पाठ करून उभे राहिले.

शाळा सुटल्यावर तिघी तटावर गेल्या. टीनीने पुडी आणली होती आणि शब्दाला जागल्याचा तोरा मिरवत होती.

"घे बाई, घे. तुझ्या बाबांचा चेहरा पाहिलास? माशाने हवा खाल्ल्यासारखा!"

"माझ्या बाबांना मासा म्हणू नकोस हं. मासा म्हणायचा हक्क फक्त माझा," रूलीन म्हणाली आणि दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. "फेना, घे की."

"नको."

"का गं? तुझाच तर प्रश्न होता."

"म्हणूनच नको." फेना गवत उपटत होती. तिचे हात नेहमी साबणाने भेगाळलेले असायचे, आईला धुण्यात मदत करून करून. "तुला गोळ्या हव्या होत्या. मला उत्तर हवं होतं."

टीनी हसली, पण एकटीच. रूलीनच्या तोंडातलं मीठ एकाएकी नुसतं मीठ झालं. तीन वर्षं फेना तिची जिवाभावाची मैत्रीण होती. एकत्र अभ्यास, एकत्र सायकली, एकमेकींच्या वेण्या. आणि तीन वर्षांत ती फेनाच्या घरी एकदाही गेली नव्हती. असं कसं झालं? फेनाच यायची. वेशीतून आत, दर वेळी. कुणी ठरवलं होतं असं नाही. खंदकावरचा पूल ओलांडायचा तो टेनिसला, आणि टेनिसला जाताना डाव्या हाताला बघायचं कशाला?

"चल," रूलीन म्हणाली. "तुझ्या आईला विचारू."

"वेडी आहेस का? ती मला मारेल."

"मी आहे ना!" रूलीन म्हणाली. त्या वसंतात तिला खरंच असं वाटत होतं की आपण आहोत म्हटल्यावर कुणाचं काही बिघडू शकत नाही.

आणि तसं वाटायला कारणही होतं. तो जुना कायदा त्या वर्षी एकदाचा रद्द झाला होता. तोफा बाबांच्या लहानपणीच तटावरून काढून नेल्या होत्या, कायदा मात्र आत्तापर्यंत जागच्या जागी बसून होता. आता खंदकाबाहेर विटेची घरं बांधता येणार होती, आणि येत्या शनिवारी पहिली वीट बसवायची होती. प्रांताचे मोठे साहेब येणार, बँड येणार, झेंडे लागणार. वीट ठेवणार नगरकन्या, म्हणजे शहराच्या वतीने उभी राहणारी मुलगी, पांढऱ्या पायघोळ झग्यात, डोक्यावर तटाच्या आकाराचा पुठ्ठ्याचा मुकुट. अख्ख्या शाळेतून निवड झाली होती रूलीनची! पंधरा दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. तिने म्हणायचं भाषण बाबांनी लिहिलं होतं आणि तिने ते दात घासतानासुद्धा म्हणून पाठ केलं होतं.

फेनाचं घर डांबर फासलेल्या काळ्या फळ्यांचं होतं, युद्धानंतर त्याच ओळीत परत लाकडाचंच उभारलेलं, कारण कायदा तेव्हाही तोच होता. आत इतकी वाफ होती की रूलीनला आधी नुसती दोरी दिसली, आणि दोरीवर ओळीने वाळत घातलेल्या पांढऱ्या चड्ड्या, पांढरे सदरे, पांढरे प्लीट पाडलेले स्कर्ट. त्यांतला एक तिचाच होता. शिवणीवरचा निळा धागा तिने ओळखला.

फेनाची आई, म्हणजे नेल काकू, इस्त्री करत होत्या. अंगाने रुंद, चेहऱ्याने बंद.

"अगबाई, ब्रुगिंकांची मुलगी! स्कर्ट न्यायला आलीस? उद्या मिळेल म्हणावं."

"नाही काकू, मी सहज..."

"इथे सहज कुणी येत नाही. बस. त्यावर नको, ते ओलं आहे."

फेनाने एका श्वासात सांगून टाकलं. वर्ग, प्रश्न, चष्मा, पुसलेली चांदणी. नेल काकूंनी इस्त्री उभी केली.

"तुला कुणी सांगितलं होतं तिला शिकवायला? हं? तुझी जीभ या इस्त्रीखाली धरायला हवी."

"काकू, तिला नका बोलू. मीच विचारलं. मला फक्त कळू दे, काय झालं होतं ते."

"तुझ्या बापाला विचार की! त्याचा आवाज चांगला आहे. मी ऐकलाय. रस्ता ओलांडून ऐकू येत होता."

आणि मग, बहुधा बोलायचं नव्हतं म्हणूनच, काकू उभ्या उभ्या, एकेका सदऱ्याची कॉलर दाबत बोलत गेल्या. आपलेच शिपाई आले होते, बरोबर एक कॅप्टन, हातात जुनी योजना, कुणाच्या तरी आजोबांच्या काळातली. वेशी बंद करा. पाणी वाढवा. बाहेरची लाकडी घरं जाळा. तसं लिहिलं होतं, म्हणून तसंच एकामागोमाग एक करत सुटले. तटावर तोफ? एकही नाही. बुरुजावर शेळ्या चरत होत्या. मग समोरचं मैदान मोकळं करायचं ते कुणासाठी, शेळ्यांना नेम धरायला? काकूंच्या सासऱ्यांनी हे विचारलं तेव्हा कॅप्टन म्हणाला, हुकूम आहे.

"आपल्या हातांनी पेटवलं म्हणतो ना तुझा बाप? माझ्या हातात क्लारा होती, फेनाची मोठी बहीण, वर्षाचीही नव्हती. दुसऱ्या हातात गादी. पेटवायला तिसरा हात कुठून आणू? आणि त्याच वेळी समोर तुझा बाप, पांढरी पँट घालून, क्लबच्या दारात आडवा उभा. सेक्रेटरी होता ना तो क्लबचा. म्हणाला, साहेब, हे घर नाही, हे खेळायचं ठिकाण आहे, यात कुणी राहत नाही. चांगलं बोलला हो! कॅप्टन हसलासुद्धा. म्हणाला, ठीक आहे, राहू द्या." काकूंनी सदरा घडी करून ढिगावर ठेवला आणि तळव्याने थापटला. "यात कुणी राहत नाही म्हणून वाचलं. आमच्यात आम्ही राहत होतो."

जर्मन त्या रस्त्याने आलेच नाहीत. पाचव्या दिवशी देशाने हात वर केले, आणि मग ते मागच्या वेशीतून सायकलींवरून आले, दुकानात जाऊन लोणी विकत घेतलं. बाहेरच्या ओळीतल्या माणसांना शहराने पोटात घेतलं, हे मात्र खरं होतं. तटाच्या पोटात. दारूगोळ्याच्या जुन्या कमानी होत्या तिथे, जिथे भिंतींतून पाणी पाझरायचं. क्लारा तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात खोकून खोकून गेली.

रूलीन उठून उभी राहिली. तिचे गाल पेटले होते. "काकू, मी शनिवारी सांगते! सगळ्यांसमोर! मोठ्या साहेबांसमोर! भाषण माझ्याच तर हातात आहे, बाबांनी काही का लिहिलेलं असेना, मी..."

"तू काहीही सांगायचं नाहीस."

"पण काकू, ते खोटं आहे!"

"ऐक पोरी. शनिवारी तू जी वीट ठेवणार आहेस ना, ती माझ्या घराची आहे. यादीत पहिलं नाव माझं. त्यासाठी मी नगरपालिकेच्या किती पायऱ्या झिजवल्या ते माझ्या गुडघ्यांना विचार. तू तिथे उभी राहून शूरपणा करशील, मग घरी जाऊन सूप पिशील. आणि माझं नाव जाईल यादीच्या तळाला, कारण मग मीच तुझे कान भरले असं होणार. होणार की नाही? बोल."

रूलीन परत खाली बसली.

"लिहिलंय तसं म्हण. गोड आवाजात म्हण. मला कौलाचं छप्पर हवंय. खरं-खोटं मी त्या छपराखाली बसून बघेन."

फेना खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिने वळून आईकडे पाहिलं, रूलीनकडे पाहिलं, आणि दोरीवरचा एक वाळलेला सदरा काढून आईच्या पुढ्यात ठेवला.

त्या संध्याकाळी घरी बटाटे आणि कडवट पालेभाजी कुस्करून केलेलं भरीत होतं, मधे खळगा करून त्यात रस्सा. रूलीनला एरवी तो खळगा फोडायला आवडायचं. आज तिने काटा हातातही घेतला नाही. आई मांडीवर झगा घेऊन जेवत होती, कारण खालची दुमड अजून घालायची होती.

"सांडशील त्यावर," बाबा आईला म्हणाले.

"बाबा," रूलीन म्हणाली, "मी नेल काकूंकडे गेले होते."

बाबांनी घास गिळला. "असं."

"तुम्ही क्लबच्या दारात आडवे उभे होतात?"

"रूलीन, जेवणाच्या टेबलावर..." आई म्हणाली.

"होतो," बाबा म्हणाले. "तीस वर्षांचा होतो. क्लब आम्ही पोरांनी वर्गणी काढून उभा केला होता, फळी न् फळी. तो वाचवला. त्यात गुन्हा काय?"

"गुन्हा नाही म्हणत मी. पण कॅप्टनने ऐकलं ना तुमचं? हसून ऐकलं! मग तुम्ही वळून एवढंच म्हणायचं होतं, साहेब, तीही राहू द्या. रस्ताच तर मधे होता!"

बाबांनी काट्याने आपल्या भरतातला खळगा फोडला. "तेव्हा कुणाला काय सुचत होतं? धूर, आरडाओरडा..."

"क्लबचं सुचलं."

"रूलीन!" आईने सुई टोचून ठेवली. "बापाशी बोलतेस तू! तेवीस वर्षं झाली त्याला. युद्धात सगळ्यांचंच काही ना काही गेलं. आमच्याकडेही ट्युलिपचे कांदे उकडून खायची वेळ आली होती. नेलबाईंना कुणी काही कमी पडू दिलंय का? अख्ख्या क्लबचं धुणं त्यांच्याकडे जातं. ते कुणी मिळवून दिलं? तुझ्या बाबांनी."

हे आईने अगदी मनापासून सांगितलं, बाबांची बाजू म्हणून. बाबांनी मान खाली घातली. रूलीनला वाटलं, आता ते चिडतील, टेबलावर हात आपटतील, मग आपणही आपटू. पण ते शिक्षकाच्याच आवाजात म्हणाले, "हे बघ. लोकांना काहीतरी लागतं, बाळ. आपण मूर्खासारखे हुकूम पाळत गेलो, हे ऐकायला रविवारी कोण येईल? आणि त्या लोकांनाही बरंच वाटतं, आपण त्याग केला म्हटलं की. जाळलं गेलं म्हणण्यापेक्षा दिलं म्हणणं बरं. मी त्यांना मान दिला."

"त्यांनी मागितला होता?"

"भाषण नगराध्यक्षांनी मंजूर केलंय," बाबा म्हणाले. "त्यात आता काही बदलता येणार नाही. म्हणायचं नसेल तर आत्ता सांग. दुसरी मुलगी बघावी लागेल."

रूलीनला ते भाषण म्हणायचं नव्हतं; पण तटाबाहेरच्या नेल काकू 'म्हण' म्हणत होत्या आणि आतले बाबाही 'म्हण'च म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा वेशीच्या आतलं आणि बाहेरचं माणूस एकच गोष्ट मागत होतं, आणि ती ही!

दुसऱ्या दिवशी तिने मधल्या सुट्टीत फेनाला गाठलं. "माझ्याऐवजी तू हो नगरकन्या. मी बाबांना सांगते. वीट तुमची, तूच ठेव."

फेना हसली, पण ते हसू काही पाहण्यासारखं नव्हतं. "म्हणजे आमची घरं आम्हीच जाळली, हे मी म्हणू? वा गं! तेवढंही काम आमच्याकडेच धुवायला टाक."

शनिवार लख्ख उजाडला. झेंडे, बँड, नव्याने रंगवलेला पूल. झग्याची दुमड आईने इतकी सुरेख घातली होती की शिवण शोधूनही सापडू नये. मुकुट कपाळाला टोचत होता. बाहेरच्या ओळीपाशी खड्डा खणून चारी बाजूंनी दोरी लावली होती. पाया तयार, सिमेंट कालवलेलं, वर लाल वीट तबकात ठेवलेली. नेल काकू चर्चच्या कपड्यांत, फेना त्यांच्या शेजारी. प्रांताचे साहेब घड्याळ बघत होते. झ्वोलेहून बाबांची बहीण, योहाना आत्या, मुद्दाम आली होती आणि पहिल्या रांगेतून हात हलवत होती.

रूलीन पुढे गेली. तिने ठरवलं होतं, नुसतं म्हणायचं. पाढ्यासारखं. रस न घेता, वर न बघता. तेवढं तरी आपल्या हातात आहे. आणि मधेच शब्द अडखळले तर अडखळू द्यायचे, लोकांना काय समजायचं ते समजू दे.

पण समोर माणसं होती. इतकी माणसं, सगळी तिच्याकडे बघत! पहिलं वाक्य सुटलं आणि तिचा आवाज, तो नवा खणखणीत आवाज, आपणहून उभा राहिला. स्पॅनिश आले आणि गेले, तेव्हा लोक हसले. ती थांबली, हसू ओसरू दिलं, मग पुढे गेली. कुठे थांबायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगातच होतं. आणि "आपली घरं आपल्या हातांनी पेटवली" इथे आल्यावर तिचा आवाज खाली उतरला. तिने उतरवला नव्हता. तो उतरला. सगळीकडे इतकी शांतता झाली की खंदकातलं बदक ऐकू आलं. "शहरासाठी," ती म्हणाली, आणि बायकांनी रुमाल काढले.

एकही शब्द अडखळला नाही.

वीट बसली. टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने नेल काकू टाळ्या वाजवत होत्या, भेगाळलेले तळवे एकमेकांवर आपटत, चेहरा तसाच बंद.

रूलीन दोरीखालून फेनाकडे गेली. "रागावलीस?"

"नाही गं." फेना तिच्याकडे सरळ बघत होती, आणि तेच वाईट होतं. "खरंच छान बोललीस. मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं."

नंतर कॉफी होती. पाहुण्यांना टेनिस क्लबच्या घरात, बाहेरच्या ओळीतल्यांना तंबूत. लोण्याचा केक दोन्हीकडे एकच होता, हे नगराध्यक्षांनी दोनदा सांगितलं. फेना तंबूकडे गेली, रूलीनला कुणीतरी कोपराला धरून हिरव्या दारातून आत नेलं. योहाना आत्याने तिचे दोन्ही गाल धरले. "अगदी बापावर गेलीस! तोच आवाज, तेच थांबणं!" बाबांचे डोळे ओले होते. ते तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "त्या शेवटच्या शब्दाआधी तू थांबलीस ना, तिथे मीसुद्धा इतकं छान थांबत नाही. पुढच्या महिन्यापासून रविवारी ये माझ्याबरोबर तटावर. तुझ्या तोंडून लोक ऐकतील."

आणि रूलीनला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर क्षणभर तिला फार, फार बरं वाटलं, उन्हात बसल्यासारखं. मग ते बरं वाटणं तिच्याच लक्षात आलं आणि हातातला केक तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. गर्दीत आत्या एकटी सापडली तेव्हा तिने तिला दारामागे ओढून काहीतरी विचारलं. आत्या आधी हसली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली, आणि म्हणाली, "खोली रिकामीच आहे."

दुपारी तिघं घरी आली. आईने चहा ठेवला. बाबा कोट काढून गुणगुणत होते, बँडचंच काहीतरी. रूलीनने मुकुट काढून टेबलावर ठेवला. कपाळावर त्याची लाल रेघ उमटली होती.

"बाबा, आई, बसा जरा. मला सांगायचंय."

"आता काय भाषणं थांबणार नाहीत हिची," आई कौतुकाने म्हणाली आणि बसली.

"सप्टेंबरपासून मी झ्वोलेला राहणार. योहाना आत्याकडे. उरलेली दोन वर्षं तिथल्या शाळेत करणार. आत्याला विचारलंय, ती हो म्हणाली आहे."

"झ्वोलेला? कशासाठी?" आईचा हात चहाच्या किटलीवर तसाच राहिला. "अगं, आज सगळं इतकं छान झालं, आणि आजच..."

"छान झालं म्हणूनच, आई." बाबा गुणगुणायचे थांबले होते. रूलीन त्यांच्याकडे बघून बोलली, खालच्या आवाजात नाही, वरच्याही नाही, साध्या. "मला वाटलं होतं मला ते जमणार नाही. बाबा, मला जमलं. काहीच त्रास झाला नाही. तुम्ही म्हणता तसं, तुमच्यापेक्षाही छान जमलं. इथे राहिले तर दर रविवारी आणखी छान जमत जाईल. म्हणून मी जाणार आहे, आणि माझं ठरलंय."